किल्ली कोणाकडे आहे?

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. अट ताईची आहे. "माझं नको आणि त्यांचं तर नकोच. त्यांची नावं लिहायला शहरात भिंती कमी पडल्यात का?" असं ती म्हणाली. म्हणून पेठेचंही नाव सांगत नाही, पूर्वेकडची आहे एवढं पुरे. तिरकस बोलण्याचा मक्ता एकट्या सदाशिव पेठेकडे आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या ताईला एकदा भेटून जावं. चहा मिळेल, साखरेची खात्री देत नाही.

ताई माझी थोरली बहीण. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स, निवृत्त झाली तेव्हा मेट्रन. मी बँकेत होते. ती लग्नाच्या भानगडीत पडलीच नाही, मी पडून बाहेर आले, आणि आता दोघी एका घरात एकमेकींचं डोकं खातो. वॉर्डात तिचा दरारा असा की शिकाऊ डॉक्टर ती दिसली की खिशातले हात बाहेर काढायचे. तिचा एकच नियम होता आणि त्या नियमापायी तिने कितीतरी जणांना रडवलं. पेशंट ओल्यात राहता कामा नये. औषध दहा मिनिटं उशिरा गेलं तर ती समजून घ्यायची. चादर ओली राहिली तर घ्यायची नाही. "माणूस आजारी पडला म्हणून त्याची लाज आजारी पडत नाही," असं ती नव्या पोरींना सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिचं एक ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून लघवी तिचं ऐकत नाही. लागली की लागली, मग थांबत नाही. लघवी हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ताई तोच वापरते. कुणी 'बाथरूमला' म्हटलं की ती विचारते, "नीट सांगा, केसपेपरवर काय लिहू?"

तिचा आठवडा एका रविवारावर उभा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक विहार आहे. तिथे सकाळची वंदना झाली की तिच्या दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी मागच्या खोलीत बसून चहा पितात आणि मेलेल्या डॉक्टरांची उणीदुणी काढतात. ताई परत यायची तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसायची. ऑपरेशननंतर हे बंद झालं. घरापासून बसस्टॉपपर्यंत तिच्या चालीने बराच वेळ लागतो, बस कधी येईल ते बसलाच माहीत, आणि मग तो लांबचा प्रवास. मधे कुठे जायची सोय म्हणाल तर नाही. रिक्षाचं सुचवणारे पुष्कळ भेटले. त्यांनी आमच्या रस्त्यांवरून भरल्या पोटाने रिक्षातून एकदा जाऊन बघावं, मग बोलावं. मी एकदा मोठ्या माणसांचे डायपर आणले. तिने पाकीट न उघडता परत माझ्या हातात दिलं. "मी लोकांना बांधलेत. मला माहीत आहे ते," म्हणाली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बसस्टॉपला लागूनच महिलांचं स्वच्छतागृह बांधून तयार होतं, ही यातली खरी गंमत. कोरं करकरीत. गुलाबी फरशा, बाहेर रॅम्प, आत कमोड, दारावर झगा घातलेल्या बाईचं चित्र. आणि त्या बाईच्या बरोबर पोटावर कुलूप. ताईचा हिशेब साधा होता. घरून निघायचं, स्टॉपवर पोचल्यावर आत जाऊन यायचं, मग बस कितीही रेंगाळली तरी विहार गाठता येतो. एवढं एक दार उघडलं असतं की तिला रविवार परत मिळत होता. तिने अर्ज दिला. पोच घेतली. पुन्हा अर्ज दिला. पुन्हा पोच घेतली. पोच देण्यात आमचं क्षेत्रीय कार्यालय कुणाचं ऐकणार नाही.

मग मी म्हटलं, आपण प्रभाग समितीच्या सभेलाच जाऊन बसू. म्हणजे मी बसेन, तू घरी थांब.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मधली काही वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मग निवडणूक झाली आणि प्रभागामागे चार-चार निवडून आले. त्या जागांना अ, ब, क, ड म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे, त्यामुळे ताईची अट आपोआप पाळली जाते. अ हे जुने, मुरलेले. मागेही निवडून आले होते, सभेत डोळे मिटून बसतात आणि बरोबर वेळेला उघडतात. ब ही तरुण मुलगी, मोबाईल उभा धरून स्वतःशी बोलत असते. क फारसे बोलत नाहीत, 'अनुमोदन' म्हणतात. ड यांना माईकशिवाय जेवण जात नसावं. समितीत शेजारच्या प्रभागांचेही सभासद असतात, पण त्यांना आमच्या स्वच्छतागृहाशी काय देणंघेणं? ते आपापला विषय येईपर्यंत खाली मान घालून मोबाईल चाळत असतात.

पहिल्या सभेला मी अर्धा तास आधी जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. विषयपत्रिकेत आमचं स्वच्छतागृह होतं, मी स्वतः वाचलं. सभा सुरू झाली आणि क उभे राहिले. मला वाटलं, आपलाच विषय काढतायत. त्यांनी दुखवट्याचा ठराव मांडला. कुणी एक माजी पदाधिकारी परगावी, वयोमानाने वारले होते. सगळे उभे राहिले, मीही राहिले, आणि श्रद्धांजली म्हणून सभा तहकूब झाली. लोक खाली उतरून वडापाव खायला गेले. पुढच्या सभेला पुन्हा तेच. मृत गृहस्थ वेगळे, वडापाव तोच. गेलेल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना बिचाऱ्यांना आपल्या मरणामुळे कुणाचं दार बंद राहतंय हे कुठून कळणार?

घरी येऊन ताईला सांगितलं. ती गवार मोडत होती. "मेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहता येतं त्यांना," ती म्हणाली, "जिवंत माणसासाठी पाच मिनिटं बसायला काय होतं?"

तिसऱ्या वेळी कुणी मेलं नाही. विषय पुकारला गेला. उपअभियंता उठले आणि कागदात बघत म्हणाले, काम पूर्ण आहे, लोकार्पण बाकी आहे.

अध्यक्षांनी विचारलं, "बाकी का?"

"फलक अंतिम झालेला नाही, साहेब."

आता हा फलक म्हणजे काय ते पुणेकराला सांगायला नको. बाकडं असो, बसथांबा असो, नाहीतर दोन झाडांच्या मधली चार फुटांची जागा असो, तिच्यावर एक पाटी असते आणि पाटीवर 'संकल्पना' असं लिहून पुढे एक नाव असतं. बाकावर बसावं ही कल्पना याच माणसाला प्रथम सुचली, असं पाहुण्यांना वाटावं. आमच्या स्वच्छतागृहाचं घोडं तिथेच अडलं होतं. संकल्पना चौघांनाही सुचली होती. बांधकाम झालं प्रशासकाच्या काळात, म्हणजे चौघांतला एकही खुर्चीवर नसताना, पण या बारीक गोष्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

अ यांनी डोळे उघडले. मागच्या खेपेला आपण या जागेसाठी पत्र दिलं होतं, म्हणून संकल्पना आपली, असं त्यांचं म्हणणं. ड ताडकन उठले. "तुमचं पत्र मी वाचलंय. त्यात मुतारी म्हटलंय. हे आधुनिक स्वच्छतागृह आहे. संकल्पनाच वेगळी."

"मुतारीचंच आधुनिक होतं ना?"

"मग तुमचं नाव मुतारीवर घाला, आमची हरकत नाही."

ब म्हणाली, "सर, ॲक्च्युअली हा लेडीजचा इश्यू आहे. सो महिला सदस्याचं नाव टॉपला असेल तर मेसेज चांगला जाईल."

"अनुमोदन," क म्हणाले.

"कशाला अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.

क जरा विचारात पडले. "सर्वांनाच," म्हणाले.

मग चार नावं टाकायची तर कोणत्या क्रमाने, यावर चर्चा सुरू झाली. अ म्हणाले, अ आधी येतो हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. ड म्हणाले, मतं कुणाला जास्त पडली ते बघा. गोल फलक करू आणि नावं कडेने फिरवू, अशी एक सूचना आली. त्यावर गोलातही वरची बाजू असतेच, असा मुद्दा निघाला आणि तो सभागृहाला पटला. मग कुणी म्हणालं, इमारतीला चार भिंती आहेत, प्रत्येकी एक द्या. हे जवळपास ठरलं होतं, पण मागची भिंत कचऱ्याच्या कंटेनरकडे तोंड करून आहे हे उपअभियंत्यांनी लक्षात आणून दिलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अ म्हणाले, "मी काय पाच वर्षं कचऱ्याकडे बघत काढू?" त्यांना तिथे स्वतः उभं राहायचं नव्हतं, पण भाव तसाच होता.

मला राहवेना. मी मागून उभी राहिले आणि विचारलं, "आत पाणी आहे का?"

अध्यक्ष म्हणाले, "ताई, नागरिकांनी सभेत बोलायचं नसतं. फक्त ऐकायचं."

"तेच करतेय, साहेब, पहिल्या सभेपासून. पाणी आहे का?"

हा प्रश्न विचारून मी मोठा मूर्खपणा केला. आमच्याकडे पाणी हा शब्द निघाला की सभा उठून थेट खडकवासल्याला जाते. धरणात किती आहे, पुण्याच्या वाट्याला किती, शेतीला किती सोडलं, आमच्याच पेठेला कमी दाबाने का, आणि तिकडे मांजरी गावात नव्या सोसायट्यांना टँकर कोण पुरवतं हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच बोलायला लावू नका. तासभर धरण गाजलं. उपअभियंता शेवटी एवढंच म्हणाले की जोडणीचा विषय पाणीपुरवठ्याकडे आहे, माझ्याकडे फक्त बांधकाम. मी कपाळाला हात लावून खाली बसले.

शेवटी तोडगा निघाला. एकाच मापाचे चार फलक, चारही दर्शनी भिंतीवर, क्रम चिठ्ठ्या टाकून. भिंतीवर एवढी जागा नव्हती म्हणून ते झरोक्यांवर ठोकले. हवा आत जायची बंद झाली. फीत कुणी कापायची हा वाद पुन्हा पेटणार होता, पण त्यावर वरून एक पाहुणे आणायचं ठरलं. आणि सोहळ्याला जनतेचा स्पर्श हवा म्हणून एका ज्येष्ठ नागरिक महिलेचा सत्कार करावा, असं ब ने सुचवलं. ज्येष्ठ नागरिक महिला कुठून आणायची? तर फायलीत ताईचे अर्ज होतेच.

कार्यालयातून फोन आला. "आजी, तुमचा सत्कार आहे."

"कशाबद्दल?"

"ज्येष्ठ नागरिक म्हणून."

"म्हणजे म्हातारी झाले म्हणून. त्यात माझं काय कर्तृत्व? दार उघडणार का?"

"हो आजी, त्याच दिवशी."

"मग येते."

दिवस रविवारचा ठरला. ताईने फोन ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी कपाट उघडून पांढऱ्या साड्या बाहेर काढल्या. वंदनेला ती पांढरीच नेसते. तिने बेत आखला होता. सोहळा उरकायचा, सगळ्यांच्या आधी आत जाऊन यायचं, आणि तिथूनच बस पकडून विहारात. वंदना चुकली तरी चहाला पोचता येईल. मैत्रिणींना फोन करून तिने बजावलं की माझा कप ठेवा, फुटलेला नको. आदल्या संध्याकाळी साडीला स्वतः इस्त्री केली, मला हात लावू दिला नाही. मला इतकं बरं वाटलं तिला बघून. त्या अ, ब, क, ड यांना मी मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं होतं.

सकाळी तिने चहा घेतला नाही. पाण्याचे दोन घोट. नर्सच ती, कुठे काय मोजायचं तिला ठाऊक. आम्ही पोचलो तर मांडव नेमका बसस्टॉपवरच घातलेला. बस पुढे कुठेतरी थांबत होत्या आणि लोक मांडवाला शिव्या घालत त्यांच्यामागे धावत होते. ताईला स्टेजवर नेलं आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या सोफ्याच्या टोकाला बसवलं. असला खोल, मऊ सोफा की तिच्या गुडघ्यांना तिथून एकट्याने उठणं शक्य नव्हतं. मी पाचव्या रांगेत. ताईपासून दहा पावलांवर ते दार, त्यावर लाल फीत, आणि फितीच्या मागे तेच कुलूप.

पाहुणे वाहतुकीत अडकले होते. हे पुण्यात सांगायची तरी काय गरज? पाहुणे येईपर्यंत भाषणं उरकून घेऊ, असं ठरलं. अ बोलले. ते उभे राहूनही डोळे मिटतात हे मला तेव्हा कळलं. क बोलले, म्हणजे चौघांच्या कामाला अनुमोदन देऊन बसले. मला एकदम तो माणूस आवडला. ड यांनी स्वच्छतेचा इतिहास सुरू केला आणि तो फार मागून सुरू केला.

इतिहास निम्म्यावर आला असेल तेव्हा मी ताईकडे पाहिलं. तिने उजव्या हाताने निऱ्या मुठीत धरल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

मी उठून मांडवाच्या कडेने किल्ली शोधत निघाले. आरोग्य निरीक्षक म्हणाले, किल्ली अ साहेबांच्या कार्यकर्त्याकडे. कार्यकर्ता फुगे बांधत होता. मी त्याला सांगितलं, बाबा, स्टेजवरच्या आजींना आत जायचंय, दोन मिनिटं उघड. तो म्हणाला, "काकू, फीत कापायच्या आधी उघडलं तर लोकार्पण कसलं? पाहुणे पोचतायत, दहा मिनिटांत." मी म्हटलं, तिला दहा मिनिटं नाहीत. तो म्हणाला, आत पाणीपण नाही अजून. मी म्हटलं, बादली आणते. तो म्हणाला, "काकू, मला वरून ऑर्डर आहे." हातात पंप आणि एक अर्धवट फुगलेला फुगा घेऊन तो हे सांगत होता.

तेवढ्यात स्पीकरवर ब चा आवाज आला. आता आपल्या लाडक्या आजी दोन शब्द बोलतील. ताईला उठता येत नव्हतं म्हणून ब ने माईक तिच्या हातात दिला.

ताई म्हणाली, "नमस्कार. मला लघवीला लागली आहे. किल्ली कोणाकडे आहे?"

मांडवभर हशा. लोक मांड्यांवर थापा मारत होते. टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. ड यांनी दुसरा माईक ओढून घेतला. "याला म्हणतात पुणेरी बाणा. मी अर्धा तास बोललो, आजींनी दोन वाक्यांत विषय संपवला."

"मी खरंच सांगतेय," ताई म्हणाली.

आता तर लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहरा न हलवता विनोद करणं हीच तर आमच्या शहराची खासियत. हे लोक तिरकस बोलण्याला इतके सरावलेत की सरळ बोललेलं त्यांच्या कानात शिरतच नाही. मी खुर्च्यांतून वाट काढत ओरडत होते की अहो, ती थट्टा करत नाहीये. रांगेतल्या एका गृहस्थांनी मला वाट करून दिली आणि कौतुकाने विचारलं, "तुम्ही बहीण का? दोघीही भारीच आहात."

ब ने हसत हसत ताईच्या हातातून माईक घेतला. तिच्या अंगावर शाल आणि गळ्यात हार घातला, मांडीवर नारळ ठेवला, आणि फोटोसाठी चौघे तिच्या मागे उभे राहिले, चिठ्ठ्यांच्या क्रमाने. मी स्टेजच्या पायरीपाशी पोचले तेव्हा ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, सरळ. मूठ सुटली होती. मला उशीर झाला होता.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता आणि शाळेच्या मुलांच्या बँडला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून राष्ट्रगीत आधी घ्यायचं ठरलं. सगळे उभे राहिले. ताई उठली नाही.

माझ्या बहिणीने दवाखान्यात सव्वीस जानेवारीला रात्रपाळी करून, न झोपता, झेंड्यापाशी सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आयुष्यभर चुकवलं नाही. संविधान तिने वाचून काढलंय, नुसतं फोटोपुरतं हातात धरलेलं नाही. ती त्या खोल सोफ्यात, पांढऱ्या साडीत, मांडीवरचा नारळ घट्ट धरून बसून राहिली. मागून कुणीतरी वाकून म्हणालं, "आजी, उठा, राष्ट्रगीत आहे." ती उठली नाही. तिचे ओठ हलत होते. बसल्या जागी तिने ते पूर्ण म्हटलं, शेवटपर्यंत.

गर्दी हलली तशी मी वर गेले. तिच्या खांद्यावरची शाल काढली आणि कमरेभोवती गुंडाळली. चांगली मोठी शाल होती, दोन वेढे बसले. हार सोफ्यावर टाकला. खाली उतरताना मी लहान पोरीसारखी रडत होते. ती रडत नव्हती. रिक्षावाल्याकडे तिने आधी जुनं वर्तमानपत्र मागितलं. "तुमची सीट खराब होईल," असं त्याला नीट सांगितलं, आणि पेपर स्वतः अंथरून मग बसली. पाहुण्यांची गाडी आम्हाला कोपऱ्यावर समोरून येताना दिसली.

घरी आल्यावर तिने शाल आणि साडी जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवली, आंघोळ केली आणि मैत्रिणींना फोन करून गुडघा धरलाय म्हणून सांगितलं. संध्याकाळी प्रभागाच्या ग्रुपवर फोटो आला. सगळे ताठ उभे, बँडमधली मुलं उभी, आणि मधे ताई बसलेली. खाली शेरे. ज्येष्ठांनीच असं केलं तर तरुणांनी काय शिकायचं? काहींना सगळं फुकट हवं, देशाबद्दल आदर नको. यातले 'काही' कोण, ते न लिहिताही सगळ्यांना कळत होतं, आम्हालाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उत्तर लिहायला घेतलं.

"काय लिहितेस?" ताईने विचारलं.

"खरं काय ते."

"नको. मुद्दाम बसली असंच म्हणू दे." ती केस पुसत होती. "त्यापेक्षा ते चालेल मला."

मी लिहिलेलं पुसून टाकलं.

पुढच्या सभेला मी पुन्हा जाऊन बसले. लोकार्पण यशस्वी केल्याबद्दल आमच्या चौघांच्या अभिनंदनाचा ठराव होता. ड यांनी त्याला एक पुरवणी सुचवली, राष्ट्रगीताच्या वेळी न उठणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाबद्दल सभा खेद व्यक्त करते. अ यांनी होकार दिला. ब ने दिला. क यांनी अनुमोदन दिलं, आणि या वेळी कशाला ते त्यांना नक्की माहीत होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. चौघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी बोलायला उभी राहिले होते. ताईचे शब्द आठवले आणि खाली बसले.

घरी येऊन सगळं सांगितलं. ताई शालीची घडी घालत होती, धुऊन तिला इस्त्री केली होती.

"कुलूप?" तिने विचारलं.

"आहे तसंच. पाण्याची जोडणी राहिलीय."

घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"मग आता लिही तू," म्हणाली. "नावं घालू नकोस. पण पेशंटला ओल्यात बसवून ठेवलं होतं, एवढं लिही."